संधिपादांचे जग

फार दिवसांनी एखादा मनुष्य दृष्टीस पडला की, ‘अहो, तुम्ही तर उंबराचे फूल झालात!’ असे आपल्याकडे म्हणतात. उंबराच्या खोडाला आणि फांद्यांना लगडलेली फळे सर्वांनी पाहिलेली असतात. परंतु त्याचे फूल मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. पिकलेले उंबर हौसेने फोडावे, तर आतून चिलटाएवढी बारीक केंबरे भुरकन बाहेर येतात. खाणारा तोंड वाकडे करतो आणि ते फळ दूर भिरकावून देतो. उंबराचे फूल कोणी पाहिले नाही, आणि उंबरातली केंबरे कोणाला पाहवत नाहीत! ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो संबंध समजण्यासाठी प्रथम केंबरांच्या कुळाची ओळख करून घेतली पाहिजे.

हे कूळ फार मोठे आहे. मुंगी, झुरळ, फुलपाखरू, कोळी, विंचू, गोम, गोचीड, खेकडा, कोळंबी ही सारी मंडळी त्यातलीच. वरवर पाहिले तर ह्यांच्यात काहीच साम्य दिसत नाही. एक फुलाफुलांवर उडते, एक जाळे विणतो, एक नांगी मारतो, तर एक समुद्राच्या काठी तिरका तिरका धावतो. तरीसुद्धा प्राणिशास्त्रज्ञ त्या सर्वांना एकाच संघात बसवतात. कारण त्या सर्वांचे पाय अनेक सांध्यांनी जोडलेले असतात. ‘संधी’ म्हणजे सांधा आणि ‘पाद’ म्हणजे पाय. म्हणून ह्या संघाला ‘संधिपाद’ असे नाव पडले. पृथ्वीवर आजवर नोंदल्या गेलेल्या प्राण्यांच्या दर १० जातींपैकी सुमारे ८ जाती संधिपादांच्या आहेत. संख्येच्या दृष्टीने पाहिले तर हे जग त्यांचेच आहे; आपण त्यांचे शेजारी!

माणसाची हाडे मांसाच्या आत दडलेली असतात. संधिपादांचा प्रकार ह्याच्या अगदी उलट. त्यांचा सांगाडा अंगाच्या बाहेर असतो. कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचे कवच त्यांच्या सर्वांगावर चढवलेले असते. खेकड्याच्या कवचात चुन्याचाही अंश असतो, म्हणून ते इतके टणक लागते. हे कवच म्हणजे जणू योद्ध्याचे चिलखत होय. त्यामुळे शत्रूपासून रक्षण होते आणि अंगातला ओलावा उन्हाने उडून जात नाही. सांध्यांच्या ठिकाणी कवच पातळ व लवचीक असते, म्हणून एवढे चिलखत अंगावर असतानाही मुंगी झपझप चालू शकते.

परंतु चिलखतात एक अडचण असते. आतला देह वाढतो, चिलखत मात्र वाढत नाही. लहान मुलाचा सदरा त्याला आखूड झाला म्हणजे आई नवा शिवते. संधिपादांनाही तसेच करावे लागते. जुन्या कवचाच्या आत नवे मऊ कवच तयार होते, जुने पाठीवर उकलते, आणि प्राणी त्यातून अंग सोडवून बाहेर येतो. ह्यालाच कात टाकणे म्हणतात. मोरीजवळ कधी कधी पांढरेफटक झुरळ दिसते. ते निराळ्या जातीचे नसते. नुकतीच कात टाकलेले ते साधेच झुरळ असते. काही तासांत त्याचे नवे कवच टणक होऊन तपकिरी दिसू लागते. ह्या मधल्या वेळात प्राण्याला कोणीही सहज मारू शकतो. म्हणून कात टाकलेला खेकडा दगडाच्या कपारीत दडून बसतो.

एखादा संधिपाद कोणत्या घराण्यातला आहे, हे पाय मोजून बहुधा सांगता येते. पायांच्या तीन जोड्या असल्या तर तो कीटक. त्याच्या शरीराचे डोके, वक्ष आणि पोट असे तीन भाग असतात. पायांच्या चार जोड्या असल्या तर तो कोळी, विंचू किंवा गोचीड यांच्या घराण्यातला. म्हणून कोळ्याला कीटक म्हणणे ही चूक आहे. खेकड्याला नांग्या धरून पाच जोड्या असतात. गोमेच्या शरीराच्या बहुतेक प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी असते, तर हात लागताच चक्रासारखे वेटोळे करणाऱ्या पैशाला, म्हणजेच वाणी ह्या प्राण्याला, बहुतेक वलयांना दोन दोन जोड्या असतात.

कीटकांची श्वास घेण्याची रीतही चमत्कारिक आहे. त्यांना नाक नसते व फुप्फुसेही नसतात. त्यांच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि बारीक नळ्यांच्या जाळ्यातून थेट सर्व अंगभर पोहोचते. ह्या नळ्यांतून हवा फार दूरवर नेता येत नाही आणि बाहेरचे कवच एका मर्यादेपलीकडे पेलवत नाही. म्हणून हत्तीएवढी मुंगी गोष्टीतच आढळते.

पुष्कळ कीटकांचे आयुष्य म्हणजे चार अंकांचे नाटकच असते. पहिल्या अंकात अंडे, दुसऱ्यात अळी, तिसऱ्यात कोश आणि चौथ्यात पंख असलेला पूर्ण वाढलेला कीटक. अळीचे काम खाण्याचे आणि वाढण्याचे. पंख असलेल्या कीटकाचे मुख्य काम पुढची पिढी जन्माला घालण्याचे. फुलपाखराची अळी पाने कुरतडते, तर फुलपाखरू मध चोखते. त्यामुळे मुलांना आणि आईबापांना एकाच पानात जेवावे लागत नाही!

आता पुन्हा उंबराकडे वळावे. उंबर म्हणजे खरोखर एक मिटलेली थैली आहे. तिच्या आतल्या बाजूस शेकडो बारीक फुले असतात. म्हणूनच उंबराचे फूल बाहेरून दिसत नाही. फुले आत कोंडलेली असल्याने वारा परागकण नेऊ शकत नाही आणि मधमाशीही आत जाऊ शकत नाही. थैलीच्या तोंडाशी खवल्यांनी झाकलेली एक अतिशय अरुंद वाट असते. एक चिमुकली गांधीलमाशी तेवढ्या वाटेने आत शिरते. शिरताना पुष्कळदा तिचे पंखही तुटतात. जिथे ती जन्मली त्या उंबरातील पराग तिने आपल्याबरोबर आणलेले असतात. ते ती ह्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच प्राण सोडते. पुढे त्या अंड्यांतून नव्या माश्या निपजतात. नरांना पंख नसतात. ते आपल्या माद्यांसाठी बाहेर जाण्याची वाट कोरतात आणि त्या थैलीतच मरून जातात. माद्या अंगावर पराग घेऊन उडतात आणि एक-दोन दिवसांच्या आपल्या आयुष्यात दुसरे उंबर शोधून काढतात. उंबर फोडल्यावर जी केंबरे दिसतात, त्यांत ह्या माश्या असतात. त्या नसत्या तर उंबरात बी धरले नसते, आणि बी नाही तर उंबराचे नवे झाडही नाही. ज्या फळांवर पक्षी, खारी, वटवाघळे आणि माकडे पोट भरतात, त्या फळांच्या मुळाशी तोंड वाकडे करून फेकून दिलेले हे केंबरू आहे.

शेतात आणि रानात संधिपादांची अशी कामे अखंड चालू असतात. काकडी, दुधी, कलिंगड यांच्या वेलींवर नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी. मधमाश्यांसारख्या कीटकांनी एकीचे पराग दुसरीला पोहोचवले नाहीत, तर वेल फुलांनी बहरेल, पण फळ धरणार नाही. कांद्याचे बी धरण्यासही मधमाश्यांची फार मदत होते. ठिपकेदार पाठीचा चिमुकला ढालकिडा पिकावरचा मावा खातो. कोळी आपल्या जाळ्यात असंख्य किडे पकडतो. वाळवी घरातली लाकडे पोखरते खरी. पण रानात पडलेले वठलेले लाकूड मातीत मिळवण्याचे काम तीच करते. समुद्रात तर झिंग्यासारख्या बारीक संधिपादांवर माशांपासून प्रचंड देवमाशांपर्यंत कितीतरी प्राणी जगतात. रेशीम आणि लाख ह्या वस्तूही कीटकांनीच माणसाला दिल्या आहेत.

ही कामे करणारे कोणी नसले तर काय होते, ह्याचा अनुभव ऑस्ट्रेलियाला आला. त्या देशात पूर्वी गाई-बैल नव्हते. १७८८ नंतर तेथे वसाहत करणाऱ्या युरोपीय लोकांनी ते नेले. कांगारूच्या कोरड्या लेंड्या पुरणारे शेणकिडे तेथे होते. पण गाईचे ओले शेण त्यांच्या ओळखीचे नव्हते. शेणाचे पोव कुरणांवर तसेच पडून राहू लागले. त्याखालचे गवत मरू लागले आणि शेणावर माश्यांची पैदास अतोनात वाढली. अखेरीस १९६५ ते १९८५ ह्या काळात तेथील शास्त्रज्ञांनी आफ्रिका, युरोप इत्यादी खंडांतून मुद्दाम शेणकिडे आणून सोडले, तेव्हा कोठे शेण मातीत जाऊ लागले. आपल्या गोठ्यामागे शेणाची गोळी ढकलत नेणारा किडा पाहून आपण हसतो. एका मोठ्या देशाला मात्र तो बाहेरून आणावा लागला!

संधिपादांची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू भयंकर आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने आजारी पडून मरू लागले. त्यांच्या जांघेत आणि काखेत गाठी येत. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. पाहता पाहता रोग पुण्याला आणि पुढे देशभर पसरला. लोक मुंबई सोडून जाऊ लागले. सरकारने घरे धुऊन काढली, अंथरुणे-पांघरुणे जाळली, रोग्यांना घरातून उचलून नेले. ह्या सक्तीने लोक फार त्रासले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांनाही तोच रोग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वीस-पंचवीस वर्षांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मृत्युमुखी पडली.

ह्या रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. प्लेगवरील लस डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम ती स्वतःला टोचून घेतली. परंतु जंतू एका माणसाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो कसा, हे कोणालाच उमगत नव्हते. कोणी म्हणत हवेतून, कोणी म्हणत धान्यातून, कोणी म्हणत अनवाणी पायांतून. लोकांनी मात्र एक गोष्ट पाहून ठेवली होती : घरात ‘उंदीर पडले’ की मागोमाग माणसे पडतात. म्हणून उंदीर मरू लागताच पुष्कळ जण घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत.

त्या वेळी पॉल-लुई सिमाँ नावाचे फ्रेंच डॉक्टर भारतात प्लेगचा अभ्यास करीत होते. त्यांनी दोन बारीक गोष्टी हेरल्या. काही रोग्यांच्या पायावर आरंभी एक लहानसा फोड दिसे. तो एखादा किडा चावल्यासारखा वाटे. तसेच नुकताच मेलेला उंदीर उचलणारे आजारी पडत, परंतु बऱ्याच वेळापूर्वी मेलेला उंदीर उचलणाऱ्यांना काही होत नसे. असे का व्हावे? मेलेल्या उंदराच्या अंगातून थोड्या वेळाने निघून जाते असे काय असेल? सिमाँ यांचे लक्ष उंदराच्या केसांत राहणाऱ्या पिसवेकडे गेले. पिसू हा पंख नसलेला, दोन्ही बाजूंनी चपटा कीटक. उंदराचे ऊबदार रक्त हे तिचे अन्न. उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडले की ती त्याला सोडते आणि जे ऊबदार अंग जवळ सापडेल त्यावर उडी घेते. मग ते दुसऱ्या उंदराचे असो की माणसाचे.

पण तर्क म्हणजे सिद्धता नव्हे. २ जून १८९८ रोजी कराची येथे सिमाँ यांनी एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत त्यांनी प्लेग झालेला उंदीर ठेवला आणि त्याच्या अंगावर पिसवा सोडल्या. तो मरणपंथाला लागताच एका निरोगी उंदराला तारेच्या लहान पिंजऱ्यात घालून तो पिंजरा त्यांनी त्याच बरणीत टांगला. दोन्ही उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसवा मात्र तारेतून जाऊ शकत होत्या. पहिला उंदीर मेला आणि काही दिवसांनी पिंजऱ्यातला उंदीरही प्लेगनेच मेला. पिसवा नसताना आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवून पाहिले, तेव्हा निरोगी उंदरांना काहीही झाले नाही.

एवढा स्वच्छ पुरावा असूनही अनेक विद्वानांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ पासून मुंबईस परळ येथे प्लेग संशोधन मंडळाने ह्या प्रश्नाचा कसून तपास केला. पिसवा असलेल्या खोल्यांत काही प्राणी जमिनीवर ठेवले आणि काही पिंजऱ्यांत घालून पिसवेची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले. हवा दोघांना एकच होती. तरीही जमिनीवरच्यांना प्लेग झाला, टांगलेले वाचले. तेव्हा हवेचा दोष नसून पिसवेचा आहे, हे निर्विवाद ठरले. उंदीर आणि पिसवा यांना घरापासून दूर ठेवणे, हा प्लेग रोखण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. आज वेळेवर औषध मिळाल्यास प्लेगचा रोगी बरा होऊ शकतो.

शत्रूची चाल कळली की निम्मी लढाई जिंकली, असे म्हणतात. नारू ह्या रोगाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. सायक्लोप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक संधिपाद साठलेल्या पाण्यात राहतो. नारूच्या कृमीची बाळे त्याच्या पोटात असतात. असे पाणी प्यायल्यावर कृमी माणसाच्या शरीरात वर्षभर वाढतो आणि बहुधा पायातून बाहेर येऊ लागतो. पायाची आग होते म्हणून रोगी विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो आणि नकळत त्याच पाण्यात नारूची नवी बाळे सोडतो. ह्या रोगावर लस नव्हती. तरीही पाणी दाट फडक्याने गाळून पिणे आणि विहिरीच्या पाण्यात पाय न घालणे, अशा साध्या उपायांनी नारू हटला. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

विंचवाच्या बाबतीतही डोळसपणाच उपयोगी पडला. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. महाड भागात काम करणारे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून त्यांच्या नाडीत, रक्तदाबात आणि श्वासात होणारे फेरफार टिपून ठेवले. हे विष हृदयावर भलताच ताण आणते, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध देण्यास आरंभ केला. त्यामुळे विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळच घटले.

आज आपल्या घराजवळचा सर्वांत धोक्याचा संधिपाद म्हणजे डास. डासामुळे हिवताप होतो, हे दाखवणारा महत्त्वाचा शोध रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे लागला. डेंग्यू पसरवणारा डास बहुधा दिवसा चावतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, टाकून दिलेल्या टायरात साठलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. ती अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही तग धरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी नुसती रिकामी करून भागत नाही. ती घासून कोरडी करावी लागतात.

अशा रीतीने संधिपादांत मित्र आहेत आणि शत्रूही आहेत. दिसेल तो किडा चिरडणे सोपे आहे; परंतु फुलोऱ्यावर आलेल्या शेतात विषारी औषध फवारले, तर किडीबरोबर मधमाशीही मरते आणि नुकसान शेतकऱ्याचेच होते. उलट सगळेच जीव निरुपद्रवी आहेत असे मानून पिंपातल्या अळ्यांकडे दुर्लक्ष केले, तर घरात रोग शिरतो. मित्र कोण आणि शत्रू कोण हे निवडण्यासाठी भीती उपयोगी पडत नाही आणि किळसही उपयोगी पडत नाही. त्यासाठी थांबून नीट पाहावे लागते. ज्याने तसे पाहिले, त्याला मेलेल्या उंदरावर पिसू दिसली आणि उंबराच्या पोटात फूल दिसले.

शब्दार्थ

वक्ष – छाती. वलय – कडे, गोल भाग. परागकण – फुलातील बारीक पूड. निपजणे – जन्माला येणे. शुश्रूषा – रोग्याची सेवा. सिद्धता – पुराव्याने खरे ठरणे. निर्विवाद – वाद न उरलेले.

अभ्यास

१. ‘संधिपाद’ हे नाव कसे पडले? कोळी हा कीटक का नव्हे?
२. संधिपादांना कात का टाकावी लागते? त्या वेळी त्यांना कोणता धोका असतो?
३. ‘उंबराचे फूल’ बाहेरून का दिसत नाही? केंबरे नसती तर उंबराचे काय झाले असते?
४. सिमाँ यांच्या प्रयोगात निरोगी उंदीर तारेच्या पिंजऱ्यात का ठेवला? पिसवा नसलेल्या उंदरांवर पुन्हा प्रयोग करण्याची गरज का होती?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : उंबराचे फूल होणे, मृत्युमुखी पडणे, तग धरणे.
६. घराच्या आसपास आढळणाऱ्या दहा संधिपादांची यादी करा. प्रत्येकाचे पाय मोजून त्याचे घराणे लिहा. विंचू, गोम व गांधीलमाशी यांना हात लावू नका; ती दुरूनच पाहा.